शिक्क्याची नानकटाई

वरच्या मजल्यावरील दोन खोल्या मी आता कोणालाही भाड्याने देत नाही. चौकशीला येणाऱ्यांना कारण सांगण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने माझ्यावर घातलेले नाही, म्हणून मी ते सांगत नाही. येथे सांगतो, कारण येथे मला कोणी विचारलेले नाही.

अकोल्याच्या न्यायालयात उभी हयात अधीक्षक म्हणून काढून मी अमरावतीला घर बांधले. माणसे तोंडाने बोललेले विसरतात आणि कागदावरचे नाकारतात, हे तिथे रोज पाहिले असल्यामुळे माझा भाडेकरार चांगला जाडजूड होता. खिळा ठोकणे, पाहुणा मुक्कामी ठेवणे, गच्चीवर मिरच्या वाळवणे, साऱ्याला कलम होते. आजवरच्या भाडेकरूंनी तो न वाचता सही केली होती. या खोल्यांत शेवटचे राहून गेलेल्या गृहस्थांनी तो जिन्यात उभ्याने, शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि म्हणाले, "काकाजी, याच्यात पत्रा ठोकाचं काई लिवलं नाई. लिवून घ्या. मी घरी पत्रा ठोकतो. मागून वांधा नको."

स्वतःविरुद्ध कलम मागणारा पक्षकार मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

ते शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत निदेशक म्हणून पत्राकाम शिकवत. मूळचे अकोल्याचे. बुटके, रुंद मनगटांचे, आणि पायात बाराही महिने मोजे. पत्र्याचे काप लागतात म्हणत. खोलीत बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी गणवेशातील पत्नीचे छायाचित्र, आणि बाकी भिंतींना पत्र्याच्या डब्यांच्या उतरंडी. पत्नी वलगावच्या शेतमजुराची मुलगी. शिष्यवृत्तीवर परिचारिका झाली आणि सैन्याच्या रुग्णालयात अधिकारी म्हणून रुजू झाली. माझ्याकडे ते राहायला आले तेव्हा तिची नेमणूक उत्तरेकडील अशा उंच ठिकाणी होती की जिथे कुटुंबाला जाण्याची परवानगी नव्हती. तिचा उल्लेख ते "आमच्या मॅडम" असा करीत. त्यात थट्टा नसे. हुद्द्याने ती कॅप्टन होती आणि ते निदेशक, एवढेच वास्तव ते नोंदवीत.

पहिल्याच महिन्यात घरात तुपाचा आणि वेलचीचा दरवळ सुटला व दुपारभर हटला नाही. निवासी जागेत खाद्यपदार्थांचा व्यवसाय करू नये असे कलम होते. मी रीतसर नोटीस लिहिली, जिना चढून गेलो, दाराखालून आत सरकवली आणि खाली आलो. थोड्या वेळाने ते बशी घेऊन उतरले. बशीत दोन नानकटाया होत्या. "नोटीस भेटली," ते म्हणाले. "व्यवसाय नाई काकाजी. गिऱ्हाईक एकच आहे, अन् ते पैसे देत नाई." बशीतील नानकटाईवर मधोमध गोल ठसा उमटलेला होता.

पत्नीच्या जुन्या कोटाचे पितळी बटण त्यांनी पत्र्याच्या मुठीत बसवून त्याचा शिक्का केला होता. प्रत्येक नानकटाई भाजण्यापूर्वी ते हा शिक्का तिच्यावर दाबीत. बटणावर राजमुद्रा होती. मुद्रांच्या वापराविषयी या देशात कायदा आहे आणि तो नानकटाईला लागू होणार नाही असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतले. "खाल्ल्यावर पुरावा राहत नाई काकाजी," ते म्हणाले.

आमच्या भागात अजून एक रीत टिकून आहे. घरी पीठ मळायचे, गोळे करून पत्र्याच्या तबकात लावायचे, आणि ते तबक गल्लीच्या टोकाला असलेल्या भट्टीवर न्यायचे. भट्टीवाला भाजून देतो, त्याची भाजणावळ घेतो, माल तुमचा तुम्ही आणायचा. दिवाळीच्या आधी आणि मुलांच्या सुट्टीत तिथे बायकांची रांग लागते. हे गृहस्थ एरवीही दर महिन्याला त्या रांगेत तबक घेऊन उभे असत, एकटे पुरुष. एका मावशींनी त्यांना सगळ्यांदेखत विचारले, की बायको तिकडे बंदूक धरते आणि नवरा इकडे लाटणे धरतो, हा काय प्रकार. त्यांनी चूक दुरुस्त केली. मॅडम बंदूक नव्हे तर सुई धरतात, आणि नानकटाईला लाटणे लागत नाही. रांग हसली. त्यांना हसण्याचे कारण समजले नाही, निदान तसे त्यांनी दाखवले तरी नाही.

भट्टीवाल्या चाचांचा आक्षेप वेगळा होता. "सर, ये छाप की वजह से बीच में कच्ची रह जाती है," ते म्हणत. तरीही यांचे तबक चाचा सर्वांत शेवटी, आच उतरल्यावर लावीत, म्हणजे मधला भाग हळूहळू भाजला जाई. त्याची वेगळी भाजणावळ त्यांनी कधी मागितल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

भाजणे हा या उद्योगाचा सोपा भाग होता. कठीण भाग पुढे होता. तो डबा अमरावतीहून त्या डोंगरावर न फुटता पोचायचा होता.

पत्त्यावर गाव नव्हते. सैन्याच्या टपालाचा एक क्रमांक, तुकडीचे नाव, बस. याचा त्यांना फार त्रास होई. "धारणीच्या जंगलात पन पत्त्याले तालुका असते," ते म्हणत. पहिला डबा पोचला तो भुगा होऊन. तिथे फोन क्वचितच लागे आणि लागला तरी तुटे, म्हणून ती मोजके बोलत असावी. बोलणे झाले की ते जिना उतरून माझ्या दाराशी येत, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहत आणि निकाल सांगावा तसे सांगत, "भुगा." एवढे सांगून ते परत वर जात, आणि लगेच लाकडी हातोडीचा ठोक सुरू होई. नवा डबा घडत असे.

त्या डब्यांचा इतिहास लिहिण्यासारखा आहे. कथिलाची डाक देऊन कायमचे सांधलेले झाकण तपासणीत सुरीने कापले गेले, म्हणून कडी लावलेले झाकण आले. एका डब्यात दुसरा डबा आला. मुरमुऱ्यांचा थर आला आणि गेला, कारण मुरमुऱ्यांनी वाटेत तूप पिऊन टाकले. अखेर त्यांनी सासऱ्यांकडून वलगावचा कापूस आणला, सरकी काढून पिंजून घेतला, आणि प्रत्येक नानकटाईसाठी त्यात वेगळे घरटे केले. बाहेरून कापड शिवायचे ते साध्या धावदोऱ्याने नव्हे. जखम शिवतात तसे, प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. हा टाका त्यांना पत्नीने सुट्टीवर आली असताना गादीच्या खोळीवर शिकवला होता.

तरीही भुगा. कापसाच्या मात्र तिने तिथे दोन उशा शिवल्या, असे कळले.

मग मी लेखणी उचलली. टपाल खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्यांपासून वरपर्यंत मी क्रमाने लिहीत गेलो. सीमेवर सेवा बजावणाऱ्या स्त्रीला तिच्या पतीने पाठवलेली वस्तू हे राष्ट्र सुस्थितीत पोचवू शकत नसेल, तर पोचवू शकत नाही असे त्याने लेखी द्यावे, एवढीच माझी मागणी होती. उत्तर आले की आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. मी उलट टपाली कळवले की मी भावना कळवलेली नाही, वस्तुस्थिती कळवली आहे. तिची नोंद घ्यावी. त्यालाही उत्तर आले. तेही भावनांचेच होते.

"हळू ठेवा" हे शब्द ते डब्यावर येतील तितक्या भाषांत लिहीत. पण गोण्या उचलणाऱ्याला वाचायला उसंत कुठे असते, असे एकदा त्यांच्या मनात आले आणि त्यांनी शब्दांऐवजी चित्र काढले. चारी बाजूंना एकेक मोठे, सुरेख अंडे. अंडे पाहिले की कोणत्याही मुलखातील माणसाचा हात आपोआप हलका पडतो, हे त्यांचे तर्कशास्त्र होते आणि ते मला निर्दोष वाटले. खिडकीवरील कारकुनाने डबा अडवला. अंडी टपालाने जात नाहीत. आत अंडी नाहीत, बाहेर चित्र आहे, असे यांनी सांगितले. चित्र आहे त्या अर्थी आत असतीलच, असे तो म्हणाला. अखेर तिथेच सगळे टाके उसवून, कापूस उपसून, नानकटाया रांगेतील लोकांसमोर मांडून दाखवाव्या लागल्या. यांनी खिशातून सुई काढली आणि बाकावर बसून डबा पुन्हा शिवला. कारकुनाने विचारले, की अंडी नव्हती तर काढली कशाला. हे शांतपणे म्हणाले, "तुमच्याचसाठी काढली साहेब."

त्या कारकुनाविरुद्ध मी केलेली तक्रार बरीच सविस्तर होती. तिचे पुढे काय झाले हे विचारणारी माझी स्मरणपत्रे त्याहून सविस्तर आहेत.

आणखी एक प्रसंग मी विसरू शकत नाही. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास वॉर्डातील एका मंडळाने सैनिकांच्या पत्नींचा सत्कार ठेवला. कोणाच्या तरी यादीत या घरातून एक व्यक्ती सीमेवर आहे अशी नोंद होती. तेवढ्यावरून निमंत्रण आले, आणि निमंत्रण आले म्हणून हे गेले. मी सोबत होतो. व्यासपीठावर बायकांच्या ओळीत शेवटच्या खुर्चीवर ते हात गुडघ्यांवर ठेवून बसले. वाटपासाठी मंडळाने फक्त साड्या आणल्या होत्या. निवेदकाचा क्षणभर गोंधळ झाला. मग पाहुण्यांनी यांच्या हातात हिरव्या काठाची पिवळी साडी आणि नारळ ठेवला, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, छायाचित्र निघाले. मी उठून हरकत घ्यायला निघालो तर त्यांनी व्यासपीठावरूनच मला खूण केली, बसा. परतताना रिक्षात ते साडीचे पोत दोन बोटांत चोळून पाहत होते. "मांजरपाटापेक्षा मजबूत आहे काकाजी," ते म्हणाले. "डब्याले बरी."

राष्ट्रगीत सुरू झाले की उभे राहणारी आणि संपले की चहाकडे धावणारी ती गर्दी मी आजही ओळखीन. त्यांच्यातील एकालाही हे विचारावेसे वाटले नाही, की बाई तिकडे काय खाते.

सुट्टीवर आली की ती माझ्याकडे आवर्जून येऊन बसे. उंच, सावळी, चेहऱ्याची कातडी गार वाऱ्याने उललेली. शेवटच्या सुट्टीत ती आली तेव्हा मी तिला माझ्या पत्रव्यवहाराची प्रगती सांगत होतो. ती ऐकत होती आणि हसू दाबत होती. पती शेजारीच बसले होते. शेवटी ती म्हणाली, "काकाजी, नका लिहू तुमी पत्रं. आमी थो भुगा चमच्यानं खातो. चहात टाकून."

मी हातातील पत्रांची फाईल मिटली.

"अख्ख्या आल्या असत्या तं मोजा लागलं असतं," ती समजूत घालण्याच्या सुरात पुढे म्हणाली. "कोनाले एक द्यावी, कोनाले नाई. भुग्याचं तसं नाई. वाटी फिरते अन् ज्याच्या त्याच्या चमच्यात येते. पेशंटले पन देतो आमी. तोंडाची चव गेलेला मानूस पन खाते."

यांचा चेहरा उतरला होता. इतक्या डब्यांची, इतक्या झाकणांची ही फलश्रुती त्यांना पचत नव्हती. "म्हंजे मी फोडूनच पाठवत जाऊ?" ते म्हणाले.

"तसं नाई वो." ती त्यांच्याकडे वळली. मग आवाज खाली आणून, जणू मी तिथे नाही अशा रीतीने म्हणाली, "शिक्का मारता म्हंता तुमी. मले तिथं कदी दिसलाच नाई थो. एक डाव पाहाचा आहे."

त्या वाक्यानंतर हे वेगळेच गृहस्थ झाले. आतापर्यंत डबा हा त्यांचा छंद होता असे मी म्हणू शकलो असतो. ती परत गेली आणि त्यांनी पत्रा मागवला, तोही जाड. माझ्या गच्चीवर एक डबा करून त्यात नानकटाया भरल्या आणि तो जिन्यावरून गडगडत सोडला. पुन्हा भरला, पुन्हा सोडला. परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या जीपच्या टपावर डबा बांधून ते स्वतः घाटातून जाऊन आले, कारण त्याहून वाईट रस्ता त्यांना माहीत नव्हता. परत आले तेव्हा अंगभर धूळ होती आणि कपाळाला टेंगूळ होते. डबा माझ्या मेजावर उघडला. एकीचीही कड उडाली नव्हती. त्यांना एवढे मोकळे हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि नंतरही नाही.

तो डबा त्यांनी सत्काराच्या साडीत शिवला. हिरवा काठ बरोबर झाकणाच्या कडेने आणला. अंडे काढले नाही. हिवाळ्याच्या तोंडावर डबा गेला.

डबा वाटेत असतानाच ती गेली. एका रुग्णाला रुग्णवाहिकेतून खालच्या मोठ्या रुग्णालयात नेत असताना रस्ता खचला. रुग्ण, चालक आणि ती.

तिला वलगावला आणले. त्याचे वर्णन मी करणार नाही. शाळेच्या पटांगणात मांडव होता, ध्वनिक्षेपक होता, आणि ज्यांनी तिला जिवंतपणी कधी पाहिले नव्हते त्यांची भाषणे होती. एकाने सवयीने वीरपत्नीचे सांत्वन केले. समोर नवरा बसला होता. सोबत आलेला तरुण अधिकारी अदबीने यांच्याजवळ बसला आणि काही हवे का असे त्याने विचारले. साऱ्या दिवसात हे तेवढेच बोलले.

"साहब, डिब्बा पहुँचा था क्या?"

"कौन सा डिब्बा, सर?"

"पीली साडी में सिला हुआ. हरा काठ है."

त्याला काठ हा शब्द कळला की नाही कोण जाणे. पता करके बताऊँगा, असे तो म्हणाला, आणि मला वाटते त्याने खरोखरच चौकशी केली असेल. पण त्याचे उत्तर आले नाही. त्या रुग्णालयात आता नवी माणसे असतील आणि जुन्यांपैकी कोणाला काही आठवत नसेल.

तेव्हापासून घरात एकच प्रश्न राहिला. ते संध्याकाळी खाली येत, आता उंबऱ्याच्या आत येऊन बसत, आणि हिशोब मांडीत. डबा अमुक दिवसांत दिल्लीला गेला असेल, तिथून वर. रस्ता तेव्हा उघडा होता. "पोचला असन काकाजी. तिनं पायला असन. नेट नसन म्हून फोन नाई आला." मी मान डोलवत असे. मग ते म्हणत, "तुमी लिवा न त्याइले. येवढंच इचारा. तिनं पायला का." मी लिहिले. ज्यांना ज्यांना लिहिता येईल त्या सर्वांना लिहिले. कोणत्याही कलमाचा आधार नसलेली, विनंतीवजा पत्रे मी आयुष्यात प्रथमच लिहिली. सहवेदना कळवणारी उत्तरे आली. प्रश्नाचे उत्तर एकातही नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला ते बरे वाटू लागले होते. उत्तर येत नव्हते तोवर तिने डबा पाहिलेला असू शकत होता.

ऊन तापू लागले आणि एका दुपारी टपालवाला डबा घेऊन आला. पिवळी साडी धुळीने करडी झाली होती, पण काठ हिरवा होता. एकही टाका उसवलेला नव्हता. वर शिक्क्यांची गर्दी होती आणि त्या गर्दीत, पत्त्यावरील व्यक्ती उपलब्ध नसल्याने परत, असा एक शिक्का.

ते संस्थेतून आले तेव्हा डबा माझ्या मेजावर होता. त्यांनी मोजे काढले. ते त्यांनी माझ्यासमोर कधीच काढले नव्हते. मग सुईच्या टोकाने एकेक गाठ सोडवली, कात्री लावली नाही. कडी ओढली. कापूस अजून पांढरा होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी बाजूला केला.

सगळ्या अख्ख्या होत्या. वर जाऊन, तिथे हिवाळा काढून, तितकाच रस्ता परत येऊन. तूप थिजून त्यांच्यावर पांढुरकी साय धरली होती आणि त्या सायीखाली प्रत्येकीवर शिक्का इतका स्वच्छ होता की मुद्रेची रेघन् रेघ वाचता येत होती.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. इतक्या वेळा त्यांनी एका शब्दात निकाल सांगितला होता. आज ते बोटाने एकेका शिक्क्यावरची साय पुसत होते.

मेजावर माझे लेटरहेड होते, लेखणी होती. सवयीने माझा हात तिकडे गेला आणि तसाच राहिला. टपालाने कसूर केली नव्हती. डबा पत्त्यावर नेला होता, व्यक्ती नव्हती म्हणून सुस्थितीत परत आणून दिला होता. जी मागणी मी इतकी वर्षे करीत आलो ती तंतोतंत पूर्ण झालेली होती. पुरावा समोर होता, सबंध, एकही कड न उडालेला. आणि कोणाविरुद्ध तो दाखल करावा हे मला कळत नव्हते.

ते उठून वर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलची वाटी आणि दोन चमचे होते. त्यांनी एक नानकटाई उचलली, उजेडात धरून शिक्का एकदा पाहिला, वाटीत ठेवली आणि अंगठ्याने दाबली. ती कडक झाली होती, चटकन मोडेना. त्यांनी दुसऱ्या हाताचा भार दिला. मग दुसरी घेतली. मग तिसरी. ज्या हातांनी त्या इतक्या जपल्या होत्या, त्याच हातांनी ते त्यांचा भुगा करीत राहिले, आणि मी त्यांना अडवले नाही.

"घ्या काकाजी," वाटी माझ्याकडे सरकवून ते म्हणाले. "असंच खात होती ती."

मी चमचा घेतला. भुग्यात एका तुकड्यावर मुद्रेची अर्धी कड अजून ओळखू येत होती. त्यांना ती दिसली. त्यांनी आपला चमचा पुढे करून ती मोडली, आणि मगच खायला सुरुवात केली.

उन्हाळा संपायच्या आत ते बदली घेऊन अकोल्याला बहिणीकडे निघून गेले. करारातील प्रत्येक कलम त्यांनी पाळले होते. खोल्या झाडून, भिंतीतील खिळे काढून, भोके बुजवून दिली होती. डबे मात्र त्यांनी नेले नाहीत. ते भिंतींना तसेच रचलेले आहेत, आणि अशा मागे सोडलेल्या मालाविषयी भाडेकरूला नोटीस द्यावी अशी तरतूद आहे. मी ती दिलेली नाही.